पाऊस पाचाच्या पाढ्यात

मार्तंड पाठकांनी स्पर्धेत भाग घ्यायचं ठरवलं तेव्हा ओसरीत चार माणसं बसली होती, आणि त्यांपैकी तिघांना ‘डेटा व्हिज्युअलायझेशन’ हे नाव एका दमात घेता येत नव्हतं. चौथा दीपक. त्याचा बसस्टँडजवळ संगणकाचा वर्ग होता आणि स्पर्धेची बातमी त्यानेच मोबाइलवर आणली होती. विज्ञानातली खरी माहिती घ्यायची आणि संगणकावर तिचं असं चित्र काढायचं, की आकडे वाचावे न लागता नुसतं पाहून कळावं, असा एकूण प्रकार होता. चित्र मात्र मुक्त सॉफ्टवेअरमध्येच काढलेलं हवं. मुक्त संगणक प्रसार मंडळ नावाच्या कुठल्याशा संस्थेने ही स्पर्धा ठेवली होती. वयाची अट नव्हती आणि अंतिम फेरी ऑगस्टमध्ये शेगावला होती.

“माहिती आपल्याकडे आहे,” मार्तंडराव म्हणाले आणि त्यांनी माळ्याकडे बोट दाखवलं.

माळ्यावर अकरा रजिस्टरं होती. १९९७च्या जूनपासून गेल्या ऑक्टोबरपर्यंत पिंपळगाव राजात, निदान मार्तंडरावांच्या गच्चीवर, कोणत्या दिवशी किती मिलिमीटर पाऊस पडला ते त्यांत लिहिलेलं होतं. भूगोलाचे शिक्षक म्हणून निवृत्त होऊन त्यांना आठ वर्षं झाली होती. गच्चीवरचं पर्जन्यमापक त्यांचं स्वतःचं, कधीकाळी एका शिबिरातून आणलेलं. वर नरसाळं, आत बाटली, आणि बाटलीतलं पाणी ओतून मोजायला रेघा असलेलं काचेचं नळकांडं. रोज सकाळी साडेआठला मोजायचं. सत्तावीस वर्षांत एक दिवस चुकलेला नव्हता.

निवृत्तीनंतर त्यांनी ही रजिस्टरं दोन-तीन ठिकाणी नेऊन दाखवली होती. सगळीकडे लोक सौजन्याने वागले. एकाने पानं उलटून अक्षर वळणदार आहे असं सांगितलं, दुसऱ्याने पाणी विचारलं. ही माहिती आम्हाला द्या, असं मात्र कोणी म्हणालं नाही. घरी त्यांच्या पत्नीने, सुलभाबाईंनी, माळ्यावर पापडाच्या डब्यांना जागा उरत नाही, एवढंच दोनदा सुचवलं होतं. आपल्या सत्तावीस वर्षांना कोणीतरी एकदा ‘माहिती’ म्हणावं, एवढीच मार्तंडरावांची इच्छा होती. बक्षिसाचं आपल्याला काही नाही, असं ते म्हणत, आणि ते जवळजवळ खरं होतं.

पहिली अडचण सॉफ्टवेअरच्या मुक्ततेची आली. दीपकचं म्हणणं, आपल्या वर्गातलं सगळंच मुक्त आहे, त्यातलं एकही आजवर विकत घेतलेलं नाही. मार्तंडरावांनी त्याला चोरलेली वस्तू आणि मालकाने आपण होऊन दिलेली वस्तू यांतला फरक समजावला. नागरिकशास्त्रही त्यांनी बारा वर्षं शिकवलं होतं, त्यामुळे हे समजावणं पाऊण तास चाललं. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्याचं झाकण बनवणाऱ्यानेच उघडं ठेवलं आहे. कोणीही आत डोकावावं, काय बिघडलं ते पाहावं, दुरुस्त करावं.

“म्हंजे माह्या ट्रॅक्टरवानी,” शेजारचे पंजाबराव म्हणाले. “त्याचंबी बोनेट लागतच नाही.”

पंजाबराव कापूस आणि तूर पेरत. मार्तंडरावांच्या पावसाच्या नोंदींवर त्यांचा विश्वास होता, कारण त्यांतला आकडा लक्षात ठेवायला सोपा असायचा. स्पर्धेत त्यांचं काहीच काम नव्हतं. म्हणून ते रोज आले.

आकडे संगणकात भरायला तीन आठवडे लागले. मार्तंडराव रजिस्टरातून मोठ्याने वाचायचे, दीपक टाइप करायचा. दीपक सेमी इंग्रजीत शिकलेला, त्यामुळे मार्तंडरावांनी पंचावन्न म्हटलं की तो हात थांबवून विचारायचा, “फिफ्टी फाइव्ह न सर?” पासष्टला सिक्स्टी फाइव्ह न सर, पंच्याऐंशीला नुसता चेहरा वर. पाच दिवसांत मार्तंडरावांना पाढे इंग्रजीत पाठ झाले आणि आपण या वयात आणखी एका माध्यमात शिकून बाहेर पडतो आहोत, असं ते सुलभाबाईंना म्हणाले. सुलभाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान हलवली.

“सर, आपल्याकडं पाऊसबी राउंड फिगरच पडते वाटते,” दीपक एकदा सहज म्हणाला. मार्तंडरावांनी पुढचा आकडा वाचला.

भरून झाल्यावर दीपकने एक कच्चा आलेख काढला. त्यावरून असं दिसलं, की पिंपळगाव राजात बाराही महिने, अगदी जानेवारीतसुद्धा, दर महिन्याच्या सहा ते नऊ तारखेला पाऊस पडतो. मार्तंडराव पडद्याकडे पाहत राहिले. भूगोलात असा प्रदेश त्यांनी शिकवलेला नव्हता. पंजाबरावांनी मात्र मुद्दा पटकन स्वतःकडे घेतला.

“मंग मी हरभऱ्याले विहिरीचं पाणी काऊन देऊन राह्यलो?”

चूक दोन दिवसांनी सापडली. संगणक आधी महिना आणि मग दिवस असं वाचत होता. त्याच्या लेखी तीन ऑगस्ट म्हणजे आठ मार्च. मार्तंडरावांनी सत्तावीस वर्षांच्या तारखा दीपककडून सरळ करून घेतल्या आणि यंत्राच्या बुद्धीबद्दल काही विधानं केली. माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली नोंद ती नोंद, हे त्यांतलं मुख्य विधान होतं. पुढे ते त्यांना सोसावं लागलं.

दुसरी अडचण दाखल्याची. अर्जासोबत ‘माहितीच्या सत्यतेबाबत दाखला’ जोडा, असं लिहिलेलं होतं. कोणाचा दाखला ते लिहिलेलं नव्हतं. मार्तंडराव जवळच्या एका कार्यालयात गेले. तिथला लिपिक मनापासून मदत करणारा निघाला, हीच पंचाईत. त्याने दाखल्यांची यादी काढली. रहिवासाचा होता, हयातीचा होता, शौचालय असल्याचा होता; पावसाचा नव्हता. पाऊस इथला रहिवासी आहे असं लिहून देऊ का, असं त्याने विचारलं, पण लगेच स्वतःच ते खोडलं, कारण त्यासाठी सलग वास्तव्य लागतं आणि पाऊस मध्ये बराच काळ बाहेरगावी असतो. शेवटी त्याने स्वयंघोषणापत्राचा छापील नमुना काढून दिला. मार्तंडरावांनी मोकळ्या जागा भरल्या. ‘वरील सर्व पाऊस माझ्या समक्ष पडला असून त्याची मोजणी मी स्वतः, माझ्या डोळ्यांनी केलेली आहे. यात काही खोटे आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन.’ खाली त्यांनी पूर्ण नावाने सही केली. पावसासाठी शिक्षेस पात्र राहणारा आपण तालुक्यातला पहिलाच माणूस, हे त्यांना परतीच्या वाटेवर जाणवलं आणि अंगावर किंचित काटा आला.

तिसरं काम चित्राचं. कच्चा आलेख काढणं वेगळं, स्पर्धेचं चित्र वेगळं, हे दीपकने प्रामाणिकपणे कबूल केलं. तेव्हा मार्तंडरावांना त्यांची जुनी विद्यार्थिनी सुचिता आठवली. ती खामगावला एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवत होती. आठवीत असताना तिने भारताच्या नकाशात नर्मदा पूर्वेला वाहती दाखवली होती आणि मार्तंडरावांनी तिला वर्गाबाहेर उभं केलं होतं. ते ती विसरली असावी, अशा आशेने त्यांनी फोन केला. ती रविवारी लॅपटॉप घेऊन आली आणि आल्या आल्या म्हणाली, “सर, नर्मदा अजून पश्चिमेलाच जाते न?”

तिच्या सॉफ्टवेअरचं नाव नुसतं ‘आर’ होतं. पंजाबरावांना ते अर्धवट वाटलं. पुढचं अक्षर अजून ठेवलं नसन, असं ते दीपकला म्हणाले.

सुचिताने साधी मांडणी केली. पावसाचा प्रत्येक दिवस म्हणजे एक निळा ठिपका. डावीकडे १९९७, उजवीकडे २०२३. पाऊस जितका जास्त, तितका ठिपका वर. तिने एक कळ दाबली आणि सगळे ठिपके एकदम पडद्यावर आले. सुलभाबाई पोह्यांच्या बश्या घेऊन आल्या होत्या, त्याही थांबल्या.

उजवीकडचे ठिपके विखुरलेले होते. खाली दाट, वर विरळ. डावीकडचे मात्र ओळीत होते. पाचावर एक आडवी ओळ, दहावर एक, पंधरावर, वीसवर, अशी वरपर्यंत. दोन ओळींच्या मध्ये पांढरी जागा, आणि त्या जागेत कुठेकुठे दहा-पंधरा चुकार ठिपके.

“हे तं तिफणीनं पेरल्यावानी दिसून राह्यलं,” पंजाबराव कौतुकाने म्हणाले. “तास पाहा ना कसे सरळ हायेत.”

सुचिताने चष्मा काढून पुसला. पाऊस पाचाच्या पाढ्यात पडत नाही, हे सांगायला संख्याशास्त्र लागत नाही. पण आपल्या शिक्षकाला ते सांगायला काहीतरी लागतं, आणि ते ती शोधत होती.

मार्तंडराव पडद्याजवळ सरकले. ओळी त्यांच्या होत्या. सकाळी साडेआठला गच्चीवर जायचं, नळकांडं हातभर लांब धरून उभ्या उभ्या पाहायचं, आणि शाळा गाठायची. प्रार्थनेनंतर मंचावरून ते आदल्या दिवसाचा पाऊस जाहीर करत. ‘पंचवीस मिलिमीटर’ असं म्हटलं की मैदानावर जरा वजन पडायचं. तेवीस दशांश सहा असं म्हटलं असतं तर मागच्या रांगेत कुजबुज झाली असती. त्यात त्यांना कधी काही गैर वाटलं नव्हतं. पावसाला उगाच कमी लेखू नये, एवढीच त्यामागे सद्भावना होती.

मधले चुकार ठिपकेही त्यांनी ओळखले. जनगणना, मतदार याद्या, प्रशिक्षण. त्या दिवशी ते गावात नव्हते. आणि २०१४ साली त्यांच्या गुडघ्याने गच्चीच्या सतरा पायऱ्या चढायला नकार दिला होता. तेव्हापासून सुलभाबाई वर जात आणि वरूनच आकडा सांगत. खाली खुर्चीत बसून मार्तंडराव तो लिहीत. दहा वर्षं त्यांच्या मनात त्या कामाची वाटणी पक्की होती. ते करत ती नोंद घेणं. सुलभा करायची ते वर जाऊन येणं.

“सर,” सुचिताने शेवटी वाट काढली, “आधीचं मोजायचं साधन साधं असेल. २०१४ला नवीन घेतलं का?”

सगळे त्यांच्याकडे पाहत होते. सुलभाबाईंच्या हातात पोह्यांची बशी होती.

“हो,” मार्तंडराव म्हणाले.

सुचिताला हायसं वाटलं. तिने चित्रावर २०१४च्या जागी एक उभी रेघ ओढली आणि शेजारी लिहिलं: ‘नवीन, अधिक अचूक यंत्र.’ सुलभाबाईंनी बशी तिच्यापुढे ठेवली, लिंबू हवं का विचारलं, आणि त्या आत गेल्या.

त्यानंतरचा आठवडा मार्तंडरावांना जड गेला. सुलभाबाई काही बोलतील याची ते वाट पाहत होते, आणि त्या शेवग्याच्या शेंगांबद्दल, बहिणीच्या कंबरेबद्दल, दूधवाल्याच्या नव्या जावयाबद्दल बोलत होत्या. मार्तंडरावांनी एकदा आपण होऊन विषय काढला. मोजमापात थोडंफार पूर्णांकात धरण्याची पद्धत जगभर आहे, मोठमोठे लोक तसं करतात, आणि पाण्याचा पृष्ठभाग मुळातच वक्र असतो, असं त्यांनी वीस मिनिटं सांगितलं.

“मी कुठं काही म्हणाले?” सुलभाबाई म्हणाल्या.

मार्तंडरावांना वाटलं होतं, चित्र कोणी पाहणार नाही. ते अंतिम फेरीत निवडलं गेलं. मंडळाकडून पत्र आलं, आणि त्यात शेवटी एक ओळ होती: येताना आपले २०१४ सालचे नवीन यंत्र सोबत आणावे, परीक्षकांना पाहण्याची इच्छा आहे.

ओसरीत सल्ल्यांना पूर आला. दीपकचं म्हणणं, अकोल्याला डिजिटल मिळतं, आणू, डब्यातून काढू, दाखवू, परत डब्यात घालू. दुसरा सल्लाही त्याचाच होता आणि तो त्याने आवाज खाली आणून दिला. सुरुवातीच्या सतरा वर्षांच्या आकड्यांवर थोडे दशांश शिंपडता येतात. संगणकाला सांगितलं की तो एका क्षणात शिंपडतो. ओळी गेल्या की २०१४चा प्रश्नच गेला. मार्तंडरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो चहा अर्धा टाकून उठला. पण तो गेल्यावर, दशांश शिंपडले तर चित्र कसं दिसेल याचा मार्तंडरावांनी दोन मिनिटं विचार केला, आणि त्याबद्दल पुढे संध्याकाळपर्यंत त्यांना स्वतःचा राग येत राहिला.

शेवटी पंजाबरावांचा सल्ला मानला गेला, कारण त्यात खोटं बोलावं लागत नव्हतं, नुसतं रंगवावं लागत होतं. ट्रॅक्टरचा उरलेला लाल रंग होता. जुनं पर्जन्यमापक लाल झालं, पंजाबरावांनी दुसरा हात दिला, आणि ते एखाद्या टपालपेटीच्या लहान भावासारखं दिसू लागलं. रंग नरसाळ्याच्या सांध्यात जाऊन वाळला आणि नरसाळं आणि खालचं भांडं कायमची एक झाली, हे त्या दिवशी कोणाच्या लक्षात आलं नाही. पुढचे दोन दिवस आभाळ कोरडं राहिलं, म्हणून ते उघडायची वेळच आली नाही.

शेगावला पंजाबरावांच्या जीपमधून जायचं ठरलं. सुलभाबाईही तयार होऊन बाहेर आल्या. मी महाराजांच्या दर्शनाला येते आहे, तुमच्या पावसाशी माझा काही संबंध नाही, असं त्यांनी जीपमध्ये बसण्याआधीच स्पष्ट केलं. लाल यंत्र मात्र सगळा रस्ता त्यांच्याच मांडीवर होतं, कारण मागे सुचिता आणि दीपक चित्राची गुंडाळी सांभाळत होते आणि पुढे मार्तंडरावांचे हात घोषणापत्राची घडी घालण्यात आणि उघडण्यात गुंतले होते.

स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. भिंतीला लागून टेबलं, टेबलांवर चित्रं. कोणी लोणारच्या सरोवराच्या पाण्याचा रंग महिन्यांप्रमाणे मांडला होता, कोणी कापसावरच्या बोंडअळीचा नकाशा केला होता. मार्तंडरावांच्या चित्रापुढे मात्र लोक थांबत होते. विखुरलेल्या पावसाशेजारी ओळीतला पाऊस पाहून हसत होते आणि मग शेजारची सूचना वाचून, हां, यंत्र बदललं, असं म्हणून पुढे जात होते. दर वेळी ती ओळ कोणी मोठ्याने वाचली की मार्तंडराव टेबलावरचा कागद सरळ करत. कागद सरळच होता.

परीक्षक म्हणून अकोल्याहून प्रेरणा मॅडम आल्या होत्या. हवामानाचा अभ्यास करणाऱ्या, पन्नाशीच्या, फार न बोलणाऱ्या. त्या चित्रापुढे सगळ्यांपेक्षा जास्त वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “एका गावाची सलग दहा वर्षांची इतकी स्वच्छ नोंद मी या भागात पाहिली नाही. यंत्र उघडून दाखवता?”

मार्तंडरावांनी नरसाळं फिरवलं. ते फिरलं नाही. दीपकने भांडं धरलं आणि सुचिताने नरसाळं, तरीही नाही. मग पंजाबराव पुढे आले. त्यांनी यंत्र दोन गुडघ्यांत धरलं, वासराला औषध पाजताना धरतात तसं, आणि एक हिसका दिला. मोठा आवाज होऊन नरसाळं सुटलं. आतल्या बाजूला रंग पोचलेला नव्हता. मार्तंडरावांच्याच वळणदार अक्षरात तिथे लिहिलेलं होतं: मा. वि. पाठक, जून १९९७.

प्रेरणा मॅडमनी ते वाचलं. “हे तर जुनंच आहे. मग २०१४ला काय बदललं?”

मार्तंडराव शिक्षकाच्या सवयीने ताठ उभे राहिले. खोटं आणि खरं यांच्या मधोमध कुठेतरी एखादं उत्तर असेल, असं त्यांना अजून वाटत होतं.

“मोजणारं बदललं,” ते म्हणाले.

“त्याचं लघुतम माप?”

“शून्य दशांश दोन मिलिमीटर.”

“नोंदीची वेळ?”

“रोज साडेआठ. तापातसुद्धा.”

प्रेरणा मॅडमनी कागदावरून नजर वर केली. “तापात? मध्ये कधी बंद पडलं होतं का?”

“नाही. एकदा भाचीच्या लग्नाला मलकापूरला गेलं होतं. पण पाऊस यायच्या आत परत आलं.”

सुचिताने खाली पाहिलं. तिला त्या क्षणी सगळं कळलं होतं. सुलभाबाई मागे खुर्चीत बसून प्रसादाची पिशवी बांधत होत्या. त्यांचा हात थांबला.

“ते यंत्र नाही,” मार्तंडराव म्हणाले. “ती माझी पत्नी आहे. सुलभा पाठक. सरळ ओळी आहेत त्या माझ्या. मी उभ्या उभ्या बघायचो, आणि पाचाच्या पटीत धरायचो. ती खाली बसते. पाणी स्थिर होऊ देते, डोळा पाण्याला लावते आणि मग आकडा सांगते. मधले सुटे ठिपके दिसतात तेही तिचे. मी गावाला असायचो तेव्हाचे.”

“तुमच्या घोषणापत्रात सगळी मोजणी स्वतः केली असं आहे.”

“हो. ते खोटं आहे. मला ते लिहिताना खोटं वाटलं नाही, एवढंच सांगू शकतो.” मग ते म्हणाले, “त्यात शिक्षेस पात्र राहीन असंही लिहिलं आहे. तेवढं खरं धरावं.”

प्रेरणा मॅडम हसल्या नाहीत. नियम त्यांनी शांतपणे वाचून दाखवला: घोषणापत्र चुकीचं निघाल्यास प्रवेशिका बाद. चित्रावर त्यांनी स्वतः तशी चिठ्ठी लावली. मग त्यांनी सुचिताला बाजूला बसवलं आणि सगळे आकडे मागून घेतले. मंडळाच्या खुल्या संग्रहात ते ठेवायचे होते, म्हणजे कोणालाही अभ्यासाला वापरता येतील. त्यासाठी दोन भाग करावे लागले. २०१४ ते २०२३ आणि मधले सुटे दिवस, निरीक्षक सुलभा मार्तंड पाठक, वर्ग: माहिती. उरलेली सतरा वर्षं, निरीक्षक मार्तंड विठ्ठल पाठक, वर्ग: अंदाज.

मार्तंडरावांनी तो फॉर्म वाचला. ‘अंदाज’ या शब्दावर त्यांची नजर बराच वेळ राहिली. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं, सुलभाबाईंच्या नावात ‘सुलभा’चा उकार ऱ्हस्व आहे ना ते पाहून घेतलं, आणि सही केली.

परतताना जीपमध्ये पंजाबरावांनी पाऊस, सरकी आणि रस्त्यातले खड्डे असे तीन विषय काढून पाहिले. यंत्र या वेळी मार्तंडरावांच्या मांडीवर होतं. खामगाव मागे पडल्यावर सुलभाबाईंनीच तोंड उघडलं.

“कधी बंद पडलं नाही म्हणालात.”

“हो.”

“मागच्या वर्षी दाढ काढली तेव्हा दोन दिवस तोंडातून शब्द फुटत नव्हता. बोटांनी आकडे दाखवले होते गच्चीवरून.”

“ते बंद पडणं नाही,” मार्तंडराव विचार करून म्हणाले. “नोंद आलीच ना खाली.”

मागे दीपकला हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात घातलं. सुलभाबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. पण त्यांनी प्रसादाच्या पिशवीची गाठ सोडली, पेढा काढला, निम्मा मोडला, आणि न पाहताच शेजारी धरला.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोन तास पाऊस झाला. साडेआठला सुलभाबाईंनी चपला घातल्या तेव्हा मार्तंडराव जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे होते. सतरा पायऱ्यांना त्यांनी अकरा मिनिटं घेतली. मध्ये दोनदा थांबून, आपण शेतांकडे पाहण्यासाठी थांबलो आहोत असं त्यांनी दाखवलं. त्या बाजूला भिंत होती.

वर सुलभाबाईंनी बाटलीतलं पाणी नळकांड्यात ओतलं आणि ते कठड्यावर ठेवलं. मार्तंडराव आपल्या सवयीने हात लांब करून ते उचलायला गेले.

“असं नाही,” त्या म्हणाल्या. “खाली बसा.”

खाली बसणं हा स्वतंत्र कार्यक्रम झाला. आधी उजवा हात कठड्यावर, मग डावा सुलभाबाईंच्या खांद्यावर, मग मधला काही काळ कशावरच नाही. अखेर ते बसले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि डोळा पाण्याला लावला. काचेवर दोन-दोन दशांशांच्या बारीक रेघा होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी त्या अशा समोरून पाहिल्याच नव्हत्या. पाणी एका रेघेच्या किंचित वर होतं, आणि दुसरीच्या किंचित खाली.

“सात दशांश दोन,” ते म्हणाले.

सुलभाबाई शेजारी बसल्या आणि त्यांनीही डोळा लावला. “सात दशांश चार.”

मार्तंडरावांनी पुन्हा पाहिलं. त्यांच्या बाजूने दोनच दिसत होतं. सुलभाबाईंनी त्यांची मान हाताने थोडी खाली केली. तरी दोन. मग त्यांनी सुलभाबाईंना आपल्या जागेवरून पाहायला सांगितलं, त्यासाठी दोघांना जागा बदलाव्या लागल्या, आणि मार्तंडरावांना बसल्या बसल्या सरकायला बराच वेळ गेला. तिथूनही सुलभाबाईंना चारच दिसलं. आवाज चढले. कोण दहा वर्षं पाहतंय आणि कोणी भूगोल शिकवलाय, इथपर्यंत गोष्ट आली.

शेजारच्या गच्चीवर पंजाबराव दात घासत उभे होते. त्यांना हे सगळं नीट ऐकू येत होतं.

“सात लिहा ना, बावा,” ते म्हणाले. “सात काय, साडेसात काय. जमीन वली झाली का नाही ते पाहा.”

मार्तंडराव आणि सुलभाबाई दोघांनी एकदम त्यांच्याकडे वळून पाहिलं. त्या नजरेत इतकं एकमत होतं, की पंजाबरावांनी ब्रश तोंडात ठेवला आणि ते जिना उतरून गेले.

त्या दिवशीच्या रकान्यात सुलभाबाईंच्या अक्षरात ७.३ असा आकडा आहे. नळकांड्यावर तशी रेघ नाही. सुचिता पुढच्या वेळी आकडे न्यायला आली तेव्हा तिच्या ते लक्षात आलं. तिने विचारलं नाही आणि खोडलंही नाही.